तिरपे शब्द, सरळ अर्थ

संस्थेच्या रविवारच्या अभ्यासवर्गात मी इंग्रजीचा तास घेतो. गेल्या पावसाळ्यात बारावीच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "काका, ऑब्लिक म्हणजे घर नंबरमधली तिरपी रेघ ना? मग पेपरात 'ऑब्लिक रेफरन्स' असं छापलं होतं, ते काय? रेघ तिरपी असते, बोलणं कसं तिरपं असेल?" वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही, कारण बोलणे तिरपे असते हे न कळल्यामुळे मी स्वतः एकदा चांगलाच अडचणीत आलो होतो. त्या दिवशी वेळ संपल्यामुळे तिला अर्धेच उत्तर दिले. राहिलेले अर्धे या स्मरणिकेच्या निमित्ताने देत आहे. मी भाषाशास्त्रज्ञ नाही. कला शाखेचा पदवीधर आणि बँकेतला एक लिपिक आहे. म्हणून जे सांगतो ते कामाच्या टेबलावरून सांगतो.

एक पत्र आणि माझी चूक

नोकरीला लागून जेमतेम दीड वर्ष झाले होते. एके दिवशी क्लिअरिंगच्या बेरजेत फरक आला. दोन दिवसांनी माझ्या टेबलावर पत्र आले. इंग्रजीत चारच ओळी. "इट हॅज बीन ऑब्झर्व्ड" अशी सुरुवात आणि "यू मे लाइक टु एक्सप्लेन" असा शेवट. माझे सारे शिक्षण मराठी माध्यमातले. मी मनातल्या मनात भाषांतर केले: 'असे दिसून आले आहे की... तुम्हाला खुलासा करावासा वाटल्यास करावा.' मला काही खुलासा करावासा वाटला नाही. फरक दुसऱ्याच दिवशी सापडून मिटलाही होता. मी पत्र ड्रॉवरमध्ये ठेवून दिले.

दहाव्या दिवशी दुसरे पत्र आले. पहिल्याला उत्तर न देणे हा बेफिकीरपणा ठरवून मला लेखी ताकीद देण्यात आली होती आणि तिची एक प्रत माझ्या सर्व्हिस फाइलला लागली होती. आमचे हेडक्लार्क निवृत्तीला आले होते. त्यांनी दोन्ही पत्रे वाचली आणि म्हणाले, "अरे बाबा, 'मे लाइक' म्हणजे तुझी आवड विचारलेली नाही. हा हुकूम आहे. फक्त आडवळणाने दिलाय."

मी म्हणालो, "मग सरळ का नाही लिहिलं, साहेब?"

"ऑफिसातलं इंग्रजी असंच बोलतं. तू सरळ वाचलंस तिथेच चुकलास. तिरपं वाचायला शीक."

त्या दिवसापासून मी एक वही केली आणि इंग्रजीत तिरपेपणा दाखवणारे जे जे शब्द भेटतील ते त्यात टिपू लागलो. पुढची माहिती त्या वहीतली आहे.

आधी वस्तूंचा तिरपेपणा

मराठीत आपण तिरपा, तिरका, कललेला, उतरता, वाकडा असे शब्द वापरतो. इंग्रजीतही असे अनेक शब्द आहेत आणि प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. जमीन, छप्पर, डोंगराची कड यांना 'स्लोप' असतो. रेघ, हस्ताक्षर, संध्याकाळचे ऊन यांना 'स्लँट' असतो. शिडी भिंतीला टेकवली की ती 'लीन' करते. या शब्दात आधाराची कल्पना आहे. एखादी वस्तू मूळच्या उभ्या स्थितीतून एका अंगाला झुकली की 'टिल्ट'. पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, तो टिल्ट. त्यालाच खगोलशास्त्रात 'ऑब्लिक्विटी' म्हणतात. हा कल नसता तर उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे ऋतू झाले नसते. म्हणजे तिरपेपणा हा काही नेहमी दोष नसतो, हे आरंभीच लक्षात ठेवावे.

रस्ता किंवा लोहमार्ग यांचा चढ आकड्यात सांगायचा तर 'ग्रेडियंट'. मुंबई-पुणे मार्गावरचा बोर घाट १८६३ साली रेल्वेसाठी खुला झाला. त्याचा सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांना १ फूट असा आहे. त्या काळच्या इंजिनिअरांच्या लिखाणात या घाटाला 'इन्क्लाइन' म्हटलेले आढळते. कर्जतला पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना मागून ढकलणारी इंजिने जोडतात, त्यांना रेल्वेचे लोक 'बँकर' म्हणतात. मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला वाटले, आमच्या खात्याची थट्टा चालली आहे! पण इंग्रजीत 'बँक' या शब्दाचा एक जुना अर्थ चढण किंवा उताराचा बांध असा आहे. नदीचा काठ तो बँक, वळणावर रस्त्याची एक बाजू उंच करतात ते बँकिंग, विमान वळताना एका पंखावर कलते तेही बँक. पैशाची बँक मात्र इटलीतल्या सराफांच्या बाकावरून आली.

शिंप्याकडे गेलात तर आणखी एक शब्द भेटेल. कापड धाग्याच्या सरळ रेषेत न कापता तिरपे कापले की ते ताणले जाते, अंगाला नीट बसते. आपल्याकडे त्या पट्टीला उरेब पट्टी म्हणतात. इंग्रजीत हा तिरपा काप म्हणजे 'बायस'. शब्द फ्रेंचमधून आला. पुढे इंग्लंडात हिरवळीवर लाकडी गोळे घरंगळवण्याच्या खेळात, एका अंगाला जड असल्यामुळे वळत जाणाऱ्या गोळ्याच्या कलाला बायस म्हणू लागले. तिथून तो माणसाच्या मनापर्यंत पोहोचला. आज बायस म्हणजे पूर्वग्रह. गोळा फेकणारा सरळ फेकतो, पण आत वजन लपलेले असते म्हणून गोळा वाकडा जातो. पूर्वग्रहाचेही असेच आहे. पूर्वग्रह असलेल्या माणसाला आपण सरळच वागतो आहोत असे प्रामाणिकपणे वाटत असते.

टेकणे आणि आश्रय घेणे

इन्क्लाइन, डिक्लाइन, रिक्लाइन या शब्दांत 'क्लाइन' हा भाग समान आहे. लॅटिन आणि ग्रीक भाषांत त्याचा अर्थ कलणे, टेकणे. ग्रीकांचा पलंग 'क्लीनी', आणि पलंगावरच्या आजाऱ्याला पाहण्याची विद्या म्हणून 'क्लिनिक'. विषुववृत्तापासून ध्रुवाकडे पृथ्वीचा जो उतार कल्पिला होता तो 'क्लीमा', त्यावरून 'क्लायमेट'. इंग्रजीतला लीन हा शब्दही याच कुळातला. विद्यार्थ्यांना गंमत वाटेल ती पुढे आहे. संस्कृतातील 'श्रि' हा धातू याच मूळ कुळातला आहे. त्याचा अर्थ टेकणे, आधार घेणे. त्याच्यापासून आपले आश्रय, आश्रित हे शब्द झाले. दवाखान्यातले क्लिनिक आणि आपला आश्रय हे दूरचे भाऊबंद निघाले.

आता डिक्लाइन पाहा. त्याचा एक अर्थ ढासळणे, दुसरा अर्थ नम्रपणे नाकारणे. "युअर ॲप्लिकेशन हॅज बीन डिक्लाइन्ड" असे पत्र आले की समजावे, त्यांनी मान वळवली. 'रिफ्यूज' हा शब्द तोंडावर नाही म्हणतो, डिक्लाइन मान एका बाजूला कलवून नाही म्हणतो. नकार दोन्हीकडे तोच.

व्याकरणातले तिरपे रूप

हाच कल व्याकरणातही शिरलेला आहे. ग्रीक व लॅटिन व्याकरणकारांनी शब्दाचे कर्त्याचे रूप 'उभे' मानले आणि बाकीच्या विभक्ती त्या उभ्या रूपापासून कमीअधिक 'पडलेल्या' मानल्या. म्हणून विभक्तीला इंग्रजीत 'केस' म्हणतात. त्याचे लॅटिन मूळ पडणे या अर्थाचे आहे. विभक्ती चालवणे म्हणजे 'डिक्लेन्शन', उतरत जाणे. आणि कर्त्याच्या रूपाखेरीज बाकीची रूपे ती ऑब्लिक. आपण शाळेत मुलगा-मुलाला, घोडा-घोड्याने अशी रूपे चालवतो. प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दात जो बदल होतो, 'मुला', 'घोड्या', त्याला आपण सामान्यरूप म्हणतो. मराठीचे इंग्रजी व्याकरण लिहिणारे त्यालाच ऑब्लिक फॉर्म म्हणतात. म्हणजे आपण सारे लहानपणापासून दर वाक्यात ऑब्लिक वापरतो, फक्त नाव माहीत नव्हते. माझ्या विद्यार्थिनीला मी आता सांगू शकतो: लॅटिनमध्येच या शब्दाचे दोन्ही अर्थ होते, तिरपा आणि आडून केलेला. रेघ, शब्दरूप आणि बोलणे, तिन्ही ठिकाणी अर्थ एकच, समोरून न जाता बाजूने जाणे.

सरळ ते चांगले, वाकडे ते वाईट?

'राइट' म्हणजे बरोबर आणि उजवाही. मूळ अर्थ सरळ. संस्कृतातला 'ऋजु' त्याच कुळातला आणि त्याचे पाली रूप 'उजु'. संघवंदनेत 'उजुपटिपन्नो' हा शब्द आपण नेहमी म्हणतो, म्हणजे सरळ मार्गाने चालणारा. मराठीतला 'उजवा' याच ऋजुपासून आला असे मानतात. उलट 'राँग' या शब्दाचा जुना अर्थ वाकडा, पिळलेला. कायद्यात नुकसानभरपाईच्या दाव्यांना आधार असलेली आगळीक ती 'टॉर्ट', तोही लॅटिनमधला 'पिळलेला'. त्याच मुळातून 'डिस्टॉर्ट' म्हणजे अर्थाचा विपर्यास आणि 'एक्स्टॉर्ट' म्हणजे धमकावून उकळणे. आपणही अन्यायाला पिळवणूक म्हणतो. भाषा निराळ्या, पण ज्याच्या अंगावर बीतले त्याचा अनुभव एकच.

'डीव्हिअस' म्हणजे लबाड. मूळ अर्थ वाट सोडून गेलेला. त्याच्या समोर 'ऑब्व्हिअस', म्हणजे वाटेतच समोर भेटणारा, उघड. ही जोडी एकत्र पाठ केली तर विसरत नाही.

पण सरळ तेवढे चांगले असा नियम करून चालणार नाही. चेकच्या डाव्या कोपऱ्यात आपण दोन तिरप्या रेघा मारतो. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १२३ मध्ये त्यांना 'ट्रान्सव्हर्स' म्हणजे आडव्या छेदणाऱ्या समांतर रेघा म्हटले आहे. या रेघा असल्या की पैसे खिडकीवर हातात मिळत नाहीत, बँकेच्या खात्यातूनच फिरून मिळतात. वळसा पडतो, पण चेक हरवला तर चोराला खिडकीवर रोकड मिळत नाही आणि पैसे कोणत्या खात्यात गेले याचा माग राहतो. इथे तिरपी रेघ गरिबाचे रक्षण करते. म्हणून तिरपेपणा दिसला की पहिला प्रश्न असा विचारावा: हा वळसा कोणाच्या सोयीसाठी आहे?

तिरप्या बोलण्याचे प्रकार

बोलण्यातला तिरपेपणा इंग्रजीने निरनिराळ्या नावांनी ओळखला आहे. त्यातले चार प्रकार विद्यार्थ्यांनी नीट वेगळे करावेत.

पहिला 'हिंट'. थोडे सांगून बाकीचे ऐकणाऱ्याच्या समजुतीवर सोडणे. यात वाईट काही नाही. प्रगतिपुस्तकात शिक्षक 'स्कोप फॉर इम्प्रूव्हमेंट' लिहितात, तेव्हा मुलाचे मन न दुखवता कच्चेपणा दाखवतात.

दुसरा 'यूफेमिझम'. कडू गोष्टीला गोड नाव. ग्रीक भाषेत याचा अर्थ शुभ बोलणे. आपणही दिवा विझवला न म्हणता मालवला म्हणतो. पण हा प्रकार ऑफिसात शिरला की जपावे. बँकेत हप्ते थकलेल्या कर्जाला 'नॉन-परफॉर्मिंग असेट' म्हणतात. १९९२-९३ पासून हा शब्द भारतीय बँकांत रूढ झाला, आणि २००४ पासून हप्ता किंवा व्याज नव्वद दिवसांहून अधिक थकले की कर्ज त्यात जाते. शब्द ऐकून वाटते, मालमत्ता आहे, फक्त जरा काम करीत नाही. मोठ्या कर्जदाराच्या रकमेवर बँकेने पाणी सोडले तर त्याला 'हेअरकट' म्हणतात. लहान कर्जदाराला मात्र सरळ थकबाकीदारच म्हणतात, हे मी रोज पाहतो.

तिसरा 'सर्कमलोक्यूशन', म्हणजे मुद्द्याभोवती प्रदक्षिणा घालणे, आपला द्राविडी प्राणायाम. चार्ल्स डिकन्स याने १८५५ ते १८५७ या काळात क्रमशः प्रसिद्ध झालेल्या 'लिटल डॉरिट' कादंबरीत या नावाचे एक सरकारी कार्यालयच रंगवले आहे. काम कसे करू नये यात त्या कार्यालयाचा हातखंडा असतो. वाचून वाटते, डिकन्स आमच्या तालुक्याला येऊन गेला होता.

चौथा प्रकार सर्वांत जपण्याचा, 'इन्युएन्डो' आणि 'इन्सिन्युएशन'. इन्युएन्डोचा मूळ अर्थ मान हलवून खुणावणे. इन्सिन्युएशनमध्ये 'सायनस' म्हणजे वळण हा लॅटिन शब्द आहे; सापासारखे वळणे घेत आत शिरणे. शब्द साधे असतात, पण ज्याला लागायचे त्याला लागतात. आपल्याकडे म्हण आहेच, लेकी बोले सुने लागे. कॅन्टीनमध्ये कोणी सहज म्हणतो, "आजकाल प्रमोशन कशी मिळतात ते सगळ्यांना माहीत आहे." नाव घेतलेले नसते. नवीन ओळखीचा माणूस आधी पूर्ण नाव विचारतो, मग मूळ गाव, मग गावात घर कोणत्या बाजूला. त्याला काय विचारायचे आहे हे त्यालाही माहीत असते आणि आपल्यालाही.

अशा बोलण्याला सरळ प्रश्न हाच उतारा आहे. "प्रमोशन कशी मिळतात? तुम्हीच सांगा." आवाज न चढवता एवढे विचारावे. तिरप्या बोलण्याचा सारा जोर ते तिरपे राहण्यात असतो. सरळ करायला सांगितले की बोलणारा बहुधा विषय बदलतो. कायद्यालाही ही गोष्ट माहीत आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ मध्ये, उपरोधाने केलेला आरोपही बदनामी ठरू शकतो असे स्पष्टीकरण होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये ते कायम आहे.

'इनडायरेक्ट' भेदभाव

बोलण्याप्रमाणे नियमही तिरपा असू शकतो. सर्वांना एकच नियम, पण त्याचा भार एकाच गटावर पडतो, याला कायद्यात 'इनडायरेक्ट डिस्क्रिमिनेशन' म्हणतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर या खटल्यात हा मुद्दा मान्य केला. कंपनीने काही कामांसाठी शालान्त प्रमाणपत्राची आणि चाचण्यांची अट घातली होती. अट सर्वांना सारखी, पण कृष्णवर्णीयांना शिक्षणात आधीच मागे ठेवलेले असल्यामुळे वगळले जात होते ते मुख्यतः तेच. आणि त्या अटीचा कामाशी संबंधही दाखवता आला नाही. भारतात २०२१ साली लेफ्टनंट कर्नल नितीशा विरुद्ध भारत सरकार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही कल्पना स्वीकारली. सैन्यातील स्त्री अधिकाऱ्यांना कायम सेवा देण्याचे निकष कागदावर समान होते, पण प्रत्यक्षात स्त्रियांना मागे टाकत होते. या निकालांचे महत्त्व असे की हेतू वाईट होता हे सिद्ध करण्यावरच सारे अडून राहत नाही, परिणाम कोणावर झाला हे पाहिले जाते. पूर्वी अशा अनुभवाला नाव नव्हते, म्हणून तक्रार करणाऱ्याला "नियम तर सगळ्यांना सारखाच आहे" असे ऐकून गप्प बसावे लागे. आता नाव आहे, म्हणून निदान वाद घालता येतो.

ऑफिसच्या पत्राची किल्ली

आता विद्यार्थ्यांच्या रोजच्या उपयोगाचे. नोकरी, शिष्यवृत्ती किंवा प्रवेशाच्या पत्रांत पुढील वाक्ये येतात. त्यांचा सरळ अर्थ असा:

"यू मे लाइक टु एक्सप्लेन": खुलासा द्या, आणि लवकर द्या.
"यू आर ॲडव्हाइज्ड टु सबमिट": सल्ला नव्हे, सूचना. कागद सादर करा.
"युअर रिक्वेस्ट हॅज बीन नोटेड": नोंद झाली, मंजुरी नाही.
"द मॅटर इज अंडर कन्सिडरेशन": निर्णय झालेला नाही. केव्हा होणार ते लेखी विचारा.
"वुई रिग्रेट अवर इनॅबिलिटी": नाही. कारण विचारण्याची मुभा आहे.

कोणतेही पत्र हाती आले की तीन प्रश्न विचारावेत. करणारा कोण आहे? "दिसून आले आहे" असे लिहिले असेल तर कोणाला दिसून आले? मी काय करायचे आहे आणि कोणत्या तारखेपर्यंत? आणि काय सांगायचे टाळले आहे?

सरळ इंग्रजी कसे असते ते पाहायचे असेल तर बाबासाहेबांचे 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' उघडावे. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावले, भाषण वाचून काही भाग गाळावा अशी गळ घातली, आणि शेवटी सभाच लांबणीवर टाकली. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलणार नाही असे कळवले आणि १९३६ साली भाषण स्वतः छापले. तो पत्रव्यवहार पुस्तकाच्या आरंभीच आहे. मंडळाची पत्रे आणि बाबासाहेबांची उत्तरे एकामागोमाग वाचावीत. आडवळणाचे सौजन्य आणि सरळ बोलणे यांतला फरक शिकवायला मला याहून चांगला धडा मिळालेला नाही. मी आता वर्गात तोच धडा घेतो.

माझ्या फाइलमधली ती ताकीद अजून तिथेच असेल. मागच्या वर्षी आमच्याकडे एक नवी मुलगी क्लार्क म्हणून लागली. तिच्या टेबलावर 'यू मे लाइक टु' असे पत्र आले. तिने ते माझ्याकडे आणून विचारले, "सर, याचं उत्तर द्यायचं असतं का?" मी म्हणालो, "आजच द्यायचं. बस, आपण मिळून लिहू." तिने चार ओळींचे उत्तर लिहिले. काय झाले, केव्हा लक्षात आले, कसे दुरुस्त केले. एकही ओळ तिरपी नव्हती. तिच्या फाइलला ताकीद लागली नाही.